थवा आणि पक्षी : अवधान व सरासरी आकाराचे आकलन

५.१ प्रस्तावना



मागील घटकात आपण नामाचे वचन आणि समूहवाचक नामे यांचा विचार केला. 'थवा', 'कळप', 'रास', 'घोळका' हे शब्द रूपाने एकवचनी असूनही अनेकांचा बोध करून देतात, हे आपण व्याकरणाच्या अंगाने पाहिले. प्रस्तुत घटकात त्याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने जावयाचे आहे. 'रास' असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांना नेमके काय दिसलेले असते? सुटे सुटे नग दिसून मनात त्यांची बेरीज होते, की रास हीच आधी दिसते आणि नग मागाहून? मराठीच्या अभ्यासक्रमात दृष्टिसंवेदनाचा विषय कशासाठी, असे आपणांपैकी काहींना वाटेल. शब्द आणि वस्तू यांच्या मधोमध पाहणारा माणूस उभा असतो, आणि अर्थविचार शिकताना नेमका त्याचाच विसर पडतो, म्हणून.

नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या कांदा बाजाराचे उदाहरण घेऊ. लिलावाच्या वेळी कांद्याने भरलेल्या ट्रॉल्या रांगेत उभ्या असतात. व्यापारी एकेका ट्रॉलीपाशी थांबतात, मालावर नजर टाकतात, एखादा-दुसरा कांदा हातात घेऊन पाहतात आणि बोली सुरू होते. कांद्याचा भाव ठरवताना रंग, पत्ती, ओलावा यांबरोबर आकारही पाहिला जातो. गोल्टीला वेगळा भाव, मोठ्या मालाला वेगळा. ज्याच्या हंगामाचे कष्ट त्या ट्रॉलीत भरलेले असतात, तो शेतकरी बाजूला उभा राहून त्या नजरेकडे पाहत असतो. आता कल्पना करा, की बोली लावून पुढे गेलेल्या व्यापाऱ्याला आपण विचारले, "डाव्या फळीजवळचा तिसरा कांदा केवढा होता?" त्याला हे सांगता येणार नाही. "माल साधारण केवढा आहे?" असे विचारले, तर तो क्षणाचाही विलंब न लावता सांगेल. एकही नग नीट आठवत नसताना सर्वांचा मध्य मात्र ठाऊक असणे, ही वरकरणी विसंगत वाटणारी गोष्ट कशी घडते?

५.२ एक प्रयोग

पुढील मजकूर वाचण्यापूर्वी एक लहानसा प्रयोग घरी करून पाहावा. जाड कागदाची १२ वर्तुळे वेगवेगळ्या आकारांत कापा. सर्वांत लहान शर्टाच्या बटणाएवढे, सर्वांत मोठे वाटीच्या तोंडाएवढे. सर्वांचे व्यास मोजून त्यांची सरासरी काढा आणि तेवढ्या व्यासाचे एक तेरावे वर्तुळ कापून ते बाजूला ठेवा. मात्र पहिल्या १२ वर्तुळांत त्या मापाचे एकही असू नये. आता १२ वर्तुळे ताटात पसरून वर कापड झाका. घरातील कोणास तरी समोर बसवून 'एक' म्हणेपर्यंत कापड उचला आणि पुन्हा झाका. मग एखादे वर्तुळ दाखवून दोन प्रश्न विचारा : हे ताटात होते काय? आणि हे ताटातल्या वर्तुळांच्या सरासरीहून मोठे की लहान? पहिल्या प्रश्नाला बहुतेक जण अडखळतात. दुसऱ्याला उत्तर देताना ते स्वतःच चकित होतात, कारण आपण अंदाजाने बोलत आहोत असे त्यांना वाटत असते आणि उत्तर बरोबर येत राहते. बाजूला ठेवलेले तेरावे वर्तुळ दाखवले, तर "हे तर नक्की होते" असे ठामपणे सांगणारेही भेटतात. ताटात नसलेली वस्तू त्यांना ओळखीची वाटते, कारण त्यांच्या मनाने तीच जपून ठेवलेली असते.

हाच प्रयोग काटेकोर स्वरूपात डॅन एरिअली यांनी केला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध केला. अमुक एक वर्तुळ गटात होते की नव्हते, हे सांगताना पाहणाऱ्यांची उत्तरे नाणेफेकीहून फारशी बरी नव्हती. गटाचा सरासरी आकार मात्र त्यांनी चांगल्या अचूकतेने ओळखला. पुढे सांग चुल चाँग आणि अॅन ट्रीझमन यांनी २००३ मध्ये दाखवले, की दोन गट समोर ठेवून कोणाची सरासरी मोठी असे विचारले, तर सेकंदाचा विसावा भाग एवढ्या अल्प दर्शनातही माणसे बऱ्यापैकी अचूक उत्तर देतात. एकेका वर्तुळाकडे वळून पाहण्यास एवढ्या वेळात नजरेला सवडच मिळत नाही. तेव्हा मोजून, बेरीज करून, भागून काढलेली ही सरासरी नव्हे. ती थेट दिसलेली असते. या क्षमतेला आपण 'समूहाकलन' म्हणू. आकारापुरतीच ती मर्यादित नाही. रेषांचा सरासरी कल, ठिपक्यांच्या चालण्याची सरासरी दिशा, इतकेच काय, माणसांच्या घोळक्यातील चेहऱ्यांवरचा सरासरी भाव, हेही असेच झटकन जाणवते. वर्गात पाऊल टाकताच "आज वर्ग कंटाळलेला आहे" हे शिक्षकाला कळते. त्याआधी त्याने कोणा एकाचाही चेहरा वाचलेला नसतो.

मनाने ही सोय का करून ठेवली असावी, हे समजणे अवघड नाही. एका वेळी सुटेपणाने लक्षात ठेवता येणाऱ्या वस्तू ३-४ हून फार अधिक नसतात. जगात मात्र पाने, खडे, दाणे, माणसे असंख्य आहेत. सर्व नग धरून ठेवणे शक्य नसेल, तर त्यांचा सारांश धरून ठेवावा, हे शहाणपणाचेच.

५.३ पसरलेले आणि एकवटलेले अवधान

आता या घटकाचा गाभा. हे समूहाकलन अवधानावर कसे अवलंबून असते?

प्रथम शब्दांकडे पाहू. 'लक्ष' हा शब्द संस्कृत 'लक्ष्' या धातूशी निगडित आहे. पाहणे, खूण ओळखणे हा त्या धातूचा अर्थ, आणि ज्यावर नेम धरावयाचा ते 'लक्ष्य'. म्हणजे 'लक्ष देणे' या प्रयोगातच एका बिंदूकडे रोख धरण्याची कल्पना दडलेली आहे. 'अवधान' या शब्दाची जातकुळी निराळी. 'अव' आणि 'धा' यांपासून तो झाला. मन एखाद्या ठिकाणी ठेवणे, हा त्याचा मूळ आशय. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे मागितलेले अवधान हे एखाद्या शब्दावर रोखलेले नाही; ते संपूर्ण निरूपणाला कवेत घेणारे आहे. क्रियापदांतही हाच भेद आहे. आपण 'निरखतो', 'न्याहाळतो', 'टक लावून पाहतो', आणि आपण 'नजर टाकतो', 'नजर फिरवतो'. पहिल्या गटातील क्रियापदांना कर्म बहुधा एखादीच वस्तू असते. दुसऱ्या गटात 'वर' किंवा 'वरून' येते, आणि पाहण्याचा विषय एक विस्तार असतो : गर्दीवर, शेतावर, ताटावर. मानसशास्त्रज्ञ ज्याला एकवटलेले अवधान आणि पसरलेले अवधान म्हणतात, तो फरक मराठी भाषकाने क्रियापदांतच वाटून ठेवलेला आहे.

ट्रीझमन यांचे नाव अवधानाच्या अभ्यासात मोठे आहे. गेलेड यांच्यासह १९८० मध्ये त्यांनी मांडलेल्या सिद्धान्तानुसार रंग, कल यांसारखे सुटे गुणधर्म दृष्टीला सर्वत्र एकाच वेळी टिपता येतात. पण अनेक गुणधर्म एकत्र बांधून 'ही एक वस्तू' असे ओळखण्यासाठी त्या जागी अवधान एकवटावे लागते. याच विचाराला धरून चाँग आणि ट्रीझमन यांनी २००५ मध्ये एक चतुर प्रयोग प्रसिद्ध केला. पूर्ण वर्तुळांच्या गर्दीत परिघाला फट असलेले एक वर्तुळ ठेवले, तर ते आपोआप उठून दिसते. ते शोधताना नजर सर्वत्र पसरलेली राहिली तरी चालते. उलट फटीच्या वर्तुळांच्या गर्दीत एक पूर्ण वर्तुळ शोधायचे असेल, तर एकेक तपासत जावे लागते. पाहणाऱ्यांना यांपैकी एक शोध आणि त्याच्या जोडीने सरासरी आकाराचा अंदाज, अशी दोन्ही कामे सांगितली. ज्या शोधात अवधान पसरलेले होते, त्याबरोबर सरासरी अधिक चांगली ओळखली गेली. ज्यात ते एकेका वर्तुळावर रोखावे लागले, तिथे अंदाज ढासळला. अधिक बारकाईने पाहणारा समूहाबाबत अधिक चुकला.

इथे महाभारताच्या आदिपर्वातील प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. झाडावरच्या कृत्रिम पक्ष्यावर नेम धरावयास सांगून द्रोणांनी शिष्यांना विचारले, काय दिसते? झाड, गुरू, भाऊ आणि पक्षी असे सारे दिसते म्हणणाऱ्या युधिष्ठिराला त्यांनी बाजूला सारले. ज्याला केवळ पक्षी, आणि पुढे केवळ त्याचे मस्तक दिसले (लोककथेत त्याचा डोळा झाला), तो अर्जुन उत्तीर्ण झाला. धनुर्विद्येची परीक्षा होती, तेव्हा निकाल योग्यच. पण त्या झाडाची पाने साधारण केवढी होती, असे द्रोणांनी विचारले असते, तर अर्जुनाची पंचाईत झाली असती आणि युधिष्ठिर सुटला असता. एकाग्रतेचे गुणगान आपल्या शाळांतून एवढे होते, की पाहण्याची दुसरीही एक रीत आहे आणि तिचीही कामे आहेत, हे सांगण्यास कोणाला फुरसत होत नाही.

'सरासरी' हा शब्द मुळात फारसी आहे. 'सरासर' म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. गणिताच्या पुस्तकात तो शिरला, तेव्हा त्याचा हा मूळ अर्थ विसरला गेला. पण समूहाकलनाला तोच अर्थ अधिक जवळचा आहे. नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, तरच सरासरी हाती लागते.

आणि ती वाटेत एके ठिकाणी अडकली तर? या प्रश्नाचे उत्तर यान द फॉकर्ट आणि मर्चंट यांच्या २००८ मधील प्रयोगातून मिळते. पाहणाऱ्यांना गटातील विशिष्ट वर्तुळाकडे, उदाहरणार्थ सर्वांत मोठ्या किंवा सर्वांत लहान वर्तुळाकडे, लक्ष देण्यास सांगितले आणि मग गटाची सरासरी विचारली. मोठ्याकडे लक्ष दिलेल्यांना संपूर्ण गटच मोठा वाटला. लहानाकडे लक्ष दिलेल्यांना लहान. समोरची वर्तुळे बदललेली नव्हती, अवधानाची जागा तेवढी बदललेली होती. ज्यावर लक्ष जाते, त्याचे वजन सरासरीत वाढते. शिवाय लक्ष नेहमी आपण देतो असे नाही. पुष्कळदा ते 'जाते', 'वेधले जाते'. कानाया, हायाशी आणि व्हिटनी यांनी २०१८ मध्ये दाखवले, की कोणी काही सुचवले नाही तरी सरासरीचा अंदाज खऱ्या सरासरीपेक्षा मोठ्याच्या बाजूस झुकतो, आणि नगांची संख्या वाढली की हा झुकाव वाढतो. मोठे ते उठून दिसते आणि उठून दिसणारे ते सर्वांच्या वतीने बोलू लागते.

या ठिकाणी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. एका अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रासाठी गेलो असता विद्यार्थ्यांनी आणलेले स्वाध्याय टेबलावर मांडलेले होते. त्यांत एक फारच जाड होता. निळ्या पुठ्ठ्याचा, दोरीने बांधलेला. माझी नजर त्यावर खिळली आणि मी सहज म्हणून गेलो, "यंदा सर्वांनी भरपूर लिहिलेले दिसते." दुपारी एका विद्यार्थिनीने, वयाने माझ्याहून थोड्याच लहान असाव्यात त्या, आपला स्वाध्याय पिशवीतून काढलाच नाही. विचारले, तेव्हा म्हणाल्या, "सर, माझी आठच पानं झाली आहेत. घरचं सगळं आवरून रात्री जेवढं झालं तेवढंच. पुढल्या वर्षी देईन." आम्ही दोघांनी मिळून टेबलावरचे स्वाध्याय मोजले. निळा पुठ्ठा सोडला, तर बहुतेक सर्व सात ते दहा पानांचेच होते. त्यांनी स्वाध्याय दिला. पण मी मोजायला बसलो नसतो, तर माझ्या एका वाक्याने त्यांचे वर्ष गेले असते. यात सारा दोष दृष्टिसंवेदनाचा होता, असे मी म्हणणार नाही. शिक्षकाला सरसकट बोलण्याची खोड असते, तिचाही वाटा होता. तरी 'सर्वांनी' हा शब्द माझ्या तोंडी त्या एका निळ्या पुठ्ठ्याने घातला, एवढे खरे.

५.४ शितावरून भाताची परीक्षा?

समूहाकलनाची ही सारी मांडणी वादातीत आहे, असे मात्र समजू नये. मायचेक आणि डॅनिअल सायमन्स यांनी २००८ मध्ये एक साधी शंका काढली. मन खरोखर संपूर्ण गटाची सरासरी टिपते, असे मानण्याची गरजच काय? गटातील दोन-तीन नग पाहून त्यांवरून अंदाज केला, तरी प्रयोगांत आढळली तेवढी अचूकता येऊ शकते, हे त्यांनी आकडेमोड करून दाखवले. आपल्याकडे याला शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. एरिअली, चाँग आदींनी त्यास उत्तरे दिली आणि वाद चालू राहिला. माझ्या मते म्हणीचाच नीट विचार केला, तर वादातील मर्म सापडते. शितावरून भात कळतो, कारण एका पातेल्यातील सर्व शिते एकाच आचेवर, एकाच पाण्यात शिजलेली असतात. कांद्याची रास तशी नसते. जिथे नग एकमेकांसारखे असतात, तिथे दोन-तीन पाहणे पुरते. जिथे ते फार भिन्न असतात, तिथे कोणते दोन-तीन पाहिले यावर सारे अवलंबून राहते. आंब्याच्या पेटीत वरच्या थराला मोठी फळे लावणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते.

दुसरा प्रश्न, अवधान मुळीच नसेल तरी समूह दिसतो का? जॉर्ज अल्वारेझ आणि ओड ऑलिव्हा यांनी २००८ मध्ये दाखवले, की काही हलत्या ठिपक्यांचा माग ठेवण्यात मन गुंतलेले असताना, ज्यांकडे लक्ष नव्हते अशा ठिपक्यांचा मध्यबिंदूही माणसे बऱ्यापैकी सांगू शकतात, जरी त्यांतील एकेकाची जागा सांगता येत नाही. यावरून समूहाकलन फुकटात होते, असा समज पसरू लागला. पण आपणांस तो प्रसिद्ध प्रयोग ठाऊक असेल : चेंडूफेक मोजण्यात गढलेल्या प्रेक्षकांपैकी जवळजवळ निम्म्यांना मधून चालत गेलेला, गोरिल्ल्याचा वेष घातलेला माणूस दिसतच नाही. सायमन्स आणि शाब्री यांचा तो १९९९ चा प्रयोग. त्याच धर्तीवर २०१७ मध्ये जॅक्सन-निल्सन, कोहेन आणि पिट्स यांनी समूहाच्या आकाराची आणि रंगांची परीक्षा घेतली. लक्ष पूर्णपणे दुसरीकडे असेल, तर समूहाचे हे गुणधर्मही पुष्कळदा नजरेतून निसटतात, असे त्यांना आढळले. तेव्हा थोडे, पातळ, सर्वत्र पसरलेले का होईना, पण अवधान लागते. नजर फिरवणे म्हणजे न पाहणे नव्हे.

५.५ 'कांदा', 'कांदे' आणि 'मोठमोठे कांदे'

आता पुन्हा भाषेकडे. बाजारातील पुढील तीन वाक्ये पाहा : 'यंदा कांदा मोठा आहे.' 'यंदा कांदे मोठे आहेत.' 'यंदा मोठमोठे कांदे आहेत.' व्याकरणाच्या पुस्तकात पहिल्या वाक्यातील 'कांदा' हे जातीचा बोध करणारे एकवचन म्हणून सांगितले जाते. पण हा एकवचनी कांदा कोणता? ट्रॉलीत तो कुठेही दाखवता येणार नाही. तो आपल्या प्रयोगातील तेराव्या वर्तुळाचा भाऊ आहे : समोर नसलेला, तरी सर्वांच्या वतीने दिसलेला. शेतकरी आणि व्यापारी मालाविषयी बोलताना सर्रास हे एकवचन वापरतात, 'आंबा बारीक आहे', 'दाणा भरला आहे', याचे मला नवल वाटत नाही. ज्यांचा पोटापाण्याचा व्यवहारच राशीच्या मध्यावर चालतो, त्यांच्या बोलण्यात त्या मध्याला एकवचन मिळाले आहे.

'मोठमोठे' या द्विरुक्तीचा स्वभाव याच्या अगदी उलट. 'मोठमोठे कांदे आहेत' म्हटले, की नजर एका मोठ्यावरून दुसऱ्या मोठ्यावर उड्या मारीत जाते. लहान कांदे असले तरी वाक्य खोटे ठरत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या मनातून मात्र ते नाहीसे होतात. 'एकेक', 'घरोघर', 'पानोपानी' या रूपांतही नग सुटा सुटा घेऊन पुढे जाण्याची चाल आहे. 'कांदे मोठे आहेत' हे साधे अनेकवचन या दोहोंच्या मध्ये उभे आहे आणि म्हणूनच सर्वांत निसरडे. बोलणाऱ्याने राशीवर नजर फिरवून ते म्हटले, की वरच्या चार कांद्यांवर खिळून, हे वाक्यावरून कळत नाही. हे माझे भाषाभ्यासकाचे मत आहे, प्रयोगशाळेतील निष्कर्ष नव्हे. त्याची पारख आपण पुढील स्वाध्यायात करावयाची आहे.

स्वाध्याय

आपल्या गावच्या बाजारात, मंडईत किंवा खळ्यावर एखादा तास थांबून मालाच्या आकाराविषयी लोक उच्चारतात ती किमान १५ वाक्ये जशीच्या तशी वहीत उतरवा. बोलीतील रूपे प्रमाण करू नयेत. प्रत्येक वाक्यापुढे नाम एकवचनी होते, अनेकवचनी होते की विशेषणाची द्विरुक्ती होती, हे नोंदवा. त्याचबरोबर बोलणाऱ्याने त्या आधी मालावर नुसती नजर फिरवली होती की एखादा नग हाती घेऊन निरखला होता, हेही लिहा. दोन्ही नोंदींत काही मेळ दिसतो का, ते सुमारे ३०० शब्दांत मांडा. मेळ दिसला नाही तर तसेच लिहावे. त्यास गुण कमी मिळणार नाहीत. स्वाध्यायाची पाने किती झाली, याची चिंता करू नये.